भिंतीवरचे भोसले

तंजावरच्या मोठ्या देवळात पाऊल टाकलं की मान आपोआप वर जाते. सुमारे २१६ फुटांचं विमान समोर उभं राहिल्यावर दुसरं काही दिसतच नाही. मग नंदी, मग गाभारा, मग पुन्हा एकदा विमान, आणि घड्याळाकडे बघत कुंभकोणमची गाडी. या धांदलीत ज्यांची भेट हटकून राहून जाते, त्यांच्याशी तुमची ओळख करून द्यायची आहे. मुक्काम प्राकाराच्या नैर्ऋत्य बाजूला, गणपतीच्या शेजारात. जन्म १३ डिसेंबर १८०३. मातृभाषा मराठी. आडनाव भोसले. काम एकच, आपल्या घराण्याची हकीकत सांगणं. ते एकदा सुरू केलं ते आजतागायत थांबलेलं नाही.

हे बृहदीश्वराच्या भिंतीवरचे मराठी शिलालेख. अभ्यासक यांना ‘भोसले वंशचरित्र’ म्हणून ओळखतात आणि जगातल्या सर्वांत लांबलचक कोरीव लेखांत यांची गणना करतात. मी मात्र यांना भोसलेकाकाच म्हणते. घरातल्या थोरल्या काकांच्या सगळ्या खोडी यांच्यात आहेत.

पहिली खोड बोलण्याची. आपल्याकडचे शिलालेख कसे मितभाषी असतात! अमुक शके, अमुक राजा, अमुक गावची एवढी जमीन देवाला दिली, मोडेल त्याला पाप लागेल, वर सूर्य-चंद्र, संपलं. यांना ते जमत नाही. ओळीखाली ओळ, दगडाशेजारी दगड, भिंतभर यांचं चाललेलं असतं. कागदावर लिहितात ती बखर यांनी कातळावर लिहून काढली. दान किती दिलं हे सांगण्यात यांना रस नाही. कोण कोणाचा मुलगा, कोण कोणावर चालून गेला, कोणी कोणता मुलूख घेतला, कोण गादीवर बसला, हे सांगायला बसले की यांना वेळकाळ राहत नाही.

शेजारी याच्या अगदी उलट स्वभावाचे. राजराज चोळाने हे देऊळ १०१० साली पुरं केलं आणि आपले तमिळ लेख जोत्यावर, खांबांवर, जागा मिळेल तिथे कोरून घेतले. मी दिलेलं, माझ्या अक्काने दिलेलं, राण्यांनी दिलेलं, इतरांनी दिलेलं, सारं दगडावर येऊ द्या, असा त्याचा हुकूमच आहे. त्या लेखांचा हिशेब चोख. दागिन्यांची वजनं, मोत्यांच्या संख्या, आणि देवळासाठी आणलेल्या ४०० नर्तकींची नावं, त्याही कोणत्या आळीतल्या कितव्या घरात राहतात यासकट. म्हणजे एका बाजूला दप्तरदार, एका बाजूला बखरकार, आणि दोघांत आठशे वर्षांचं अंतर. दप्तरदार खोटं बोलत नाहीत आणि बखरकार कंटाळा येऊ देत नाहीत, म्हणून दोघांचा शेजार मला फार आवडतो.

ज्या जागेत काकांनी बिऱ्हाड केलं ती जागाही साधी नाही. हा प्राकार आणि त्याच्या ओवऱ्या राजराजाच्या सांगण्यावरून बांधल्या त्या त्याच्या सेनापतीने. कृष्णन रामन त्याचं नाव, मुम्मुडिचोळ ब्रह्ममारायन ही त्याची पदवी. देवळाच्या लेखांत त्याची नोंद आहे. एका सेनापतीने उभारलेल्या आवारात दुसऱ्या एका सेनापतीच्या घराण्याने आपलं चरित्र लिहावं, हा योग कोणी ठरवून आणला असेल असं वाटत नाही. पण काकांना हे कळलं असतं तर त्यांनी त्यावर आणखी दोन दगड सहज खर्ची घातले असते.

अक्षराबद्दल काका फार जपून. तंजावरच्या राजवाड्यातला रोजचा कारभार मोडीत चाले. त्या मोडी कागदांची गाठोडी आजही अभ्यासकांना पुरून उरतात. देवाच्या दारात उभं राहायचं ठरल्यावर मात्र काकांनी मोडी घरी ठेवली आणि बाळबोध अक्षरं अंगावर चढवली. त्यांची ही हौस आज आपल्या कामाला येते. भिंतीजवळ जाऊन, अंगावर तिरका प्रकाश असेल अशा बाजूने पाहिलं की आधी नुसत्या रेघा दिसतात. मग एक काना सापडतो, एक वेलांटी सापडते, आणि एकदम ‘राजे’ हा शब्द वाचता येतो. पुणे-साताऱ्याहून हजारेक किलोमीटर दूर, भोवती तमिळ चाललेली, आणि समोर कातळात आपलं अक्षर. त्या क्षणी मराठी माणसाच्या पोटात जे होतं ते मी इथे सांगत बसणार नाही, तुम्ही गेलात की तुमचं तुम्हाला कळेल.

आता काकांचा अभिमान. मालोजीराजांपासून सुरुवात केली असती तर कोणी बोट ठेवलं नसतं. वेरूळचे भोसले म्हटलं की आपल्याला सगळं आलं. पण यांचं तेवढ्यावर भागत नाही. हे मालोजींच्याही मागे जातात, पिढ्यांमागून पिढ्या लावत बसतात आणि श्रोत्याला ताटकळत ठेवतात. कुळाचं मूळ जितकं खोल तितकी फांदी मजबूत, असा यांचा विश्वास. यात थोडी बढाई आहे, हे यांच्यावर कितीही माया असली तरी नाकारता येत नाही. तिचं कारणही आहे, ते पुढे येईल.

शहाजीराजांचं नाव निघालं की काका खरे रंगतात, आणि ते रंगावेत असंच ते आयुष्य आहे. आपण महाराष्ट्रात शहाजीराजांना शिवाजी महाराजांचे वडील म्हणून ओळखतो. पहिल्या धड्यात ते येतात आणि दुसऱ्या धड्यात कर्नाटकात निघून जातात. तंजावरच्या भिंतीपाशी उभं राहिलं की लक्षात येतं, हा माणूस आपल्या काळातला दख्खनचा केवढा मोठा सेनानी होता! १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला मलिक अंबरने मोगल आणि विजापूर यांच्या एकत्र फौजांचा धुव्वा उडवला, तेव्हा शहाजीराजे निजामशाहीकडून लढत होते. धाकटे भाऊ शरीफजी त्याच लढाईत पडले. निजामशाही बुडत आल्यावर १६३३ मध्ये याच माणसाने पेमगिरीवर एका लहान मुलाला निजाम म्हणून बसवलं आणि त्याच्या नावाने राज्य चालवलं. ते मोडायला शाहजहान बादशहाला स्वतः दख्खनेत उतरावं लागलं. १६३६ मध्ये माहुलीला वेढा पडला, राजांनी शस्त्र खाली ठेवलं आणि ते विजापूरकरांकडे गेले. तिथून दक्षिणेत उतरून त्यांनी नव्याने सुरुवात केली. विजापूरचा सरदार रणदुल्लाखान याच्याबरोबरच्या मोहिमा, मग बंगळूरची जहागीर, मग त्या बंगळूरला पंडित-कवींचा दरबार. जयराम पिंड्ये नावाच्या कवीने त्या दरबारावर ‘राधामाधवविलासचंपू’ लिहिला, तो पुढे इतिहासकार राजवाडे यांनी छापून आणला.

या सेनानीच्या वाट्याला मान आला आणि बेड्याही आल्या. आदिलशहाने त्यांना ‘फर्जंद’ म्हणून गौरवलं, आणि त्याच आदिलशाहीच्या फौजेने जुलै १६४८ मध्ये जिंजीच्या वेढ्यावर असताना त्यांना झोपेतून उठवून कैद केलं. पुढच्या वर्षी सुटका झाली ती कोंढाणा देऊन. तो गड शिवाजीराजांना वडिलांसाठी सोडावा लागला. २३ जानेवारी १६६४ रोजी कर्नाटकात होदिगेरेजवळ शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजे गेले. निजामशाही, मोगल, आदिलशाही, तिन्ही ठिकाणी नाव कमावलेला हा माणूस शेवटपर्यंत घोड्यावरच होता. त्याची समाधी होदिगेरेला आहे. चरित्र मात्र तंजावरच्या भिंतीवर. शहाजीराजांचं मोठेपण आपण महाराष्ट्रात पुरेसं ओळखलेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

काकांची नाजूक जागा म्हणजे व्यंकोजीराजे. तुकाबाईंचे हे पुत्र आदिलशाहीचे सरदार म्हणून तंजावरला आले, नायकांच्या घरचं भांडण मिटवायला. भांडण मिटलं, नायकांचा वारस गादीवर बसला, आणि थोड्याच दिवसांत, १६७५-७६ च्या सुमारास, गादीवर व्यंकोजी होते. दुसऱ्या वर्षी थोरले बंधू दक्षिण दिग्विजयाला आले. कोळ्ळिडम नदीकाठी तिरुमलवाडीला दोघे भेटले. थोरल्याने वडिलांच्या मिळकतीतला अर्धा वाटा मागितला. धाकटा एका रात्री गुपचूप नदी ओलांडून तंजावरला परतला. पुढे दोघांच्या फौजा एकमेकांवर चालून गेल्या, मग कारभारी रघुनाथपंत हणमंते आणि व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई मध्ये पडल्या, तह झाला, आणि शिवाजी महाराजांनी बंगळूरचा मुलूख दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी म्हणून दिला. आपण हे सगळं थोरल्याच्या बाजूने वाचत वाढलो. तंजावरच्या भिंतीपुढे उभं राहताना एवढं ध्यानात ठेवावं की इथे बोलणारा धाकट्याच्या घरातला आहे. त्याच्या घरात शिवाजी महाराजांबद्दल अभिमान आहे, पण अंगण त्याचं वेगळं आहे. पुणे-साताऱ्याचे भोसले आणि कावेरीकाठचे भोसले यांत हा फरक दीडशे-पावणेदोनशे वर्षं राहिला, आणि तो न लपवता समजून घ्यावा हेच बरं.

स्मरणशक्तीच्या बाबतीत काकांवर फार विसंबू नये. सालं यांची कच्ची. शहाजीराजांच्या मृत्यूनंतर सुमारे एकशे चाळीस वर्षांनी सांगायला बसलेला माणूस जे करतो तेच हे करतात. दोन लढायांचं एक होतं, ऐकलेलं पाहिल्यासारखं होतं. इतिहासकार यांना एकटं साक्षीला उभं करत नाहीत, दुसरा कागद बरोबर मागतात. पण काकांची साक्ष एका बाबतीत सोळा आणे खरी आहे, १८०३ साली तंजावरच्या भोसल्यांना स्वतःविषयी काय वाटत होतं या बाबतीत.

हेच खरं पाहण्यासारखं आहे. यांना जन्म देणारे सरफोजीराजे, दुसरे सरफोजी, हे तुळजाराजांचे औरस पुत्र नव्हेत. भोसल्यांच्याच एका दूरच्या शाखेतला हा मुलगा १७८७ मध्ये तुळजांनी मृत्युशय्येवर दत्तक घेतला. तुळजा गेले आणि त्यांचे भाऊ अमरसिंह यांनी गादी धरली. दत्तकविधान शास्त्राला धरून आहे की नाही यावर पंडितांची मतं मागवली गेली, ती एकदा एका बाजूने लागली आणि पुढे दुसऱ्या बाजूने. मुलाला आधार होता तो श्वार्ट्झ नावाच्या जर्मन पाद्र्याचा. शेवटी १७९८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अमरसिंहांना उतरवून सरफोजींना बसवलं. ज्याच्या वारसपणावर अकरा वर्षं खल झाला, त्याने राजा झाल्यावर आपली वंशावळ कागदावर ठेवावी का दगडावर? काका मालोजींच्याही मागे का जातात, त्याचं उत्तर इथे आहे. अमरसिंह १८०२ मध्ये वारले. दुसऱ्या वर्षी भिंत तयार झाली.

आणि राज्य? २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने सरफोजींनी मुलूख कंपनीच्या हवाली केला. उरला तंजावरचा किल्ला आणि त्याच्या आसपासचा भाग, वर्षाला एक लाख होन, आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. फौजेची कथा त्याआधीच संपत आली होती. १७५२ मध्ये अर्काटच्या नबाबीचा दावेदार चंदासाहेब याच्यासारख्या मातबराचा शेवट तंजावरच्या सेनापतीच्या हातून झाला होता. त्यानंतर एकवीस वर्षांत, १७७३ मध्ये, अर्काटचा नबाब आणि कंपनी यांनी मिळून तंजावर घेतलं आणि तुळजाराजे कैदेत पडले. १७७६ मध्ये राज्य परत मिळालं, पण किल्ल्यात पहारा कंपनीचा.

म्हणजे ज्या घराण्याकडे लढायला फौज उरली नाही, त्याने आपल्या सेनापतींच्या लढाया कोरून ठेवल्या. हे वाचून कोणी कीव करील, कोणी हसेल. मला त्यात शहाणपण दिसतं. तलवार गेली होती, ती परत येणार नव्हती, हे सरफोजींना पक्कं माहीत होतं. उरलेल्या एक लाख होनांत आणि पाचव्या हिश्श्यात काय वाचवता येईल तेवढं त्यांनी वाचवलं. सरस्वती महालात ग्रंथ जमवले, राजवाड्यात १८०५ मध्ये देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला, धन्वंतरी महालात औषधं केली. आणि सगळ्यात आधी, आपण कोण हे दगडावर लिहिलं. परमानंदाचं ‘शिवभारत’ सरस्वती महालातल्या पोथीमुळे आपल्या हाती आलं आणि १९२७ मध्ये छापलं गेलं. तंजावरने ही जपणूक केली नसती तर शिवचरित्राचं हे एक मोठं साधन आपण गमावलं असतं.

काकांच्या जन्मतारखेकडे पुन्हा एकदा पाहा, १३ डिसेंबर १८०३. तंजावरात छिन्नीचा शेवटचा घाव पडत होता, तेव्हा वऱ्हाडात जनरल आर्थर वेलस्लीच्या तोफा गाविलगडावर लागलेल्या होत्या. सप्टेंबरात असई झाली होती, नोव्हेंबरच्या अखेरीस आडगाव. १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ तारखेला नागपूरकर भोसल्यांनी देवगावचा तह केला. एका भोसल्याचं वैभव दगडावर चढत होतं, त्याच आठवड्यात दुसऱ्या भोसल्याचं कटक-वऱ्हाड हातचं जात होतं. तंजावरचा तह करून घेणारा गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्ली हा या आर्थरचा थोरला भाऊ. थोरल्याने दक्षिणेतल्या मराठ्यांना लेखणीने बसवलं, धाकट्याने उत्तरेकडच्यांना तोफेने. तंजावरच्या भिंतीवर या आठवड्याचा उल्लेख कसा असणार? पण तारीख तिथे आहे, आणि ती वाचणाऱ्याला एवढं सगळं आठवल्याशिवाय राहत नाही.

काकांना एक धाकटं भावंडही आहे, दिसायला जास्त देखणं. समुद्रकाठी सरभेंद्रराजपट्टणमला सरफोजींनी बांधलेला आठ मजली मनोरा. नेपोलियनवर इंग्रजांनी विजय मिळवला त्याच्या स्मरणार्थ १८१४-१५ मध्ये तो उभा राहिला. त्याच्यावरही मराठी लेख आहे. भोसल्यांच्या पैशाने, भोसल्यांच्या भाषेत, इंग्रजांच्या विजयाचं स्मारक. मनोरा पाहायला सहली येतात, खाली बाग आहे, समुद्र आहे. पण माझं मन त्याच्यात रमत नाही. मनोऱ्याने दुसऱ्याची लढाई सांगितली. काकांनी चुका करत, सालं चुकवत का होईना, आपल्या घरची सांगितली.

काकांना बोलतं करणारा माणूसही विसरून चालणार नाही. हुकूम सरफोजीराजांचा, मजकूर चिटणीस बाबूराय यांचा. घराण्यातले एवढे सेनापती, राजे, फर्जंद भिंतीवर नांदवणारा हा माणूस स्वतः कचेरीतला. त्याने ऐकलं, जुने कागद चाळले, जुळवाजुळव केली, पाथरवटांपुढे मजकूर ठेवला. छिन्नी चालवणाऱ्यांच्या पिढ्या तमिळ मुलखातल्या, कोरायची अक्षरं बाळबोध आणि भाषा मराठी. असं एवढं लांब काम दगडावर निभावून नेणाऱ्या त्या हातांना मी मनोमन नमस्कार करते.

१८५५ मध्ये सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि कंपनीने उरलंसुरलं राज्यही खालसा केलं. काका मात्र कोपऱ्यातच राहिले. वारसांची कागदपत्रं झाली, कज्जे झाले, राजवाड्याचे भाग हातांतून गेले. तंजावरात आजही मराठी बोलणारी घरं आहेत. त्यांच्या मराठीला तमिळचा हेल आहे आणि आपल्याकडे कधीच विसरलेले शब्द तिच्यात जिवंत आहेत. राजघराण्याकडे देवस्थानचं पिढीजात विश्वस्तपद आहे. १९८७ मध्ये देऊळ जागतिक वारशाच्या यादीत गेलं, ते राजराजाच्या पुण्याईने. काकांना त्यात आयता मान मिळाला आणि संरक्षणही मिळालं, याचा मला आनंद आहे.

दुःख एकच आहे. महाराष्ट्रातून तंजावरला जाणाऱ्यांपैकी बहुतेकांना काका तिथे आहेत हेच ठाऊक नसतं. सहलीचे वाटाडे विमानाची सावली पडते की पडत नाही यावर अर्धा तास घालवतात आणि वीस पावलांवरच्या मराठी भिंतीकडे बोट करत नाहीत. शाळेच्या पुस्तकात रायगड येतो, पन्हाळा येतो, तंजावरचा ओझरता उल्लेख येतो. कावेरीकाठी सुमारे एकशे ऐंशी वर्षं मराठी राज्य होतं आणि त्याने आपली कहाणी आपल्याच लिपीत देवाच्या भिंतीवर लिहून ठेवली, हे मराठी मुलाला दहावीपर्यंत एकदा तरी कळायला हवं.

म्हणून तंजावरला जाल तेव्हा एक तास राखून ठेवा. देवळात अनवाणी जावं लागतं आणि दुपारी फरशी भाजते, तेव्हा सकाळीच जा. नंदी, विमान पाहून झालं की डावीकडून प्रदक्षिणेला लागा, नैर्ऋत्येचा गणपती ओलांडण्याआधी भिंतीकडे वळा. अक्षरांवर हात फिरवू नका, खडू-पावडर लावू नका, पाठ टेकू नका. बरोबर लहान मूल असेल तर त्यालाच पुढे करा आणि पहिली ओळ वाचायला सांगा. लिपी त्याला येते.